सावकाश घडणारा अनर्थ : शेतकरी आत्महत्या, चित्रकथा आणि वर्ग

प्रस्तावना

जालियनवाला बागेला तारीख आहे, १३ एप्रिल १९१९. भोपाळला एक रात्र आहे, २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली. किल्लारीला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आहे. तारीख असली की शिक्षकाला फळ्यावर काय लिहायचे ते कळते, मुलांना काय लक्षात ठेवायचे ते कळते आणि दरवर्षी त्या दिवशी दोन मिनिटे उभे राहता येते. बुलढाणा जिल्ह्यातल्या शाळांमध्ये आज जी मुले बसली आहेत, त्यांच्या जन्माआधीपासून त्यांच्याच अवतीभवती जो अनर्थ घडत आला आहे त्याला अशी तारीख नाही. तो घाटावरच्या एखाद्या गावात एका घरी घडतो, काही दिवसांनी घाटाखालच्या दुसऱ्या गावात दुसऱ्या घरी घडतो. वर्तमानपत्रात चार ओळी येतात, तलाठी पंचनाम्याला येतो, तेरवी होते आणि पुन्हा पेरणीचे दिवस येतात. शाळेत त्याबद्दल कोणी बोलत नाही. बोलायचे नाही असे कुणी ठरवलेले नसते. कोणत्या धड्यात, कोणत्या तासाला आणि कोणत्या शब्दांत बोलावे हेच कुणाला ठाऊक नसते.

हे पुस्तक त्या तासासाठी आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा राष्ट्रीय अनर्थ आहे असे धरून तो आठवी ते बारावीच्या मुलांपुढे चित्रकथेच्या वाटेने कसा मांडता येईल, याचा विचार त्यात आहे. चित्रकथा म्हणजे चौकटीमागून चौकट लावून, चित्र आणि शब्द एकत्र गुंफून सांगितलेली मोठी गोष्ट. तिला हल्ली ग्राफिक नॉव्हेल म्हणतात. वाचणाऱ्याला या दोन्ही क्षेत्रांची ओळख नसेल असे गृहीत धरून मी जरा दुरून सुरुवात करतो.

आधी अनर्थाबद्दल. १९ मार्च १९८६ रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ दत्तपूर येथे जीवन संपवले. महाराष्ट्रातली पहिली ठळक नोंद म्हणून हीच घटना सांगितली जाते आणि अलीकडच्या काळात १९ मार्चला अनेक ठिकाणी लोक एक दिवस अन्नत्याग करतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने १९९५ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्या वेगळ्या मोजायला सुरुवात केली. त्यानंतरच्या दोन दशकांत देशात तीन लाखांहून अधिक नोंदी झाल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र वर्षानुवर्षे सर्वांत वर राहिला. अमरावती विभागीय आयुक्तालय २००१ पासून आपली वेगळी नोंद ठेवते, त्यात बुलढाणा आहे. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ ची कर्जमाफी झाली, २०१७ ची झाली, २०१९ ची झाली. नोंदी थांबल्या नाहीत.

याला राष्ट्रीय का म्हणायचे, असा प्रश्न एखादा पालक विचारील. माझे उत्तर असे की या अनर्थाची कारणे गावात सापडत नाहीत. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर इंग्रजांची नजर स्थिरावली. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो कापसाच्या गाठींसाठी. त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. तेव्हापासून घाटाखालच्या वावरात काय पिकते त्याचा भाव दूर कुठेतरी ठरतो. पुढे सरकारची एकाधिकार कापूस खरेदी आली आणि गेली. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्याच कापसाची बोंडे पोखरली. दरम्यान पऱ्हाटीची जागा सोयाबीनने घेतली, पण सोयाबीनचा भावही खाद्यतेलाच्या आयातीशी आणि परदेशातल्या पिकाशी बांधलेला निघाला. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार समितीत शेतकरी त्याहून बऱ्याच कमी भावात माल टाकून घरी जात होता. ज्या गोष्टीचा एक पाय खामगावात आणि दुसरा दिल्लीत, शिकागोच्या बाजारात असतो, तिला एका घराचे दुर्दैव म्हणणे हा त्या घरावर अन्याय आहे.

महात्मा फुल्यांनी हे फार आधी ओळखले होते. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी शेतकऱ्याच्या दैन्याची साखळी दाखवली. भट, सावकार, कचेरी, सरकार असे एकेक करून त्यांनी घराबाहेरचे हात मोजले. आपल्या जिल्ह्याच्या मातीतून हा विषय उभा करणारे मोठे पुस्तक मात्र कादंबरी आहे. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ मध्ये आली आणि २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. शिकून बेकार राहिलेला मुलगा, शेती करत झिजणारा बाप, घरातली भांडणे आणि गावातले राजकारण यांतून तिने दाखवले की माणूस एका दिवसात मोडत नाही. पी. साईनाथ यांचे वार्तांकन, ‘गाभ्रीचा पाऊस’सारखा चित्रपट, शेतकऱ्यांच्या विधवांनीच रंगमंचावर उभे केलेले ‘तेरवं’ हे नाटक, अशी बरीच मोठी परंपरा यामागे आहे. मुलांच्या हाती पडेल असे मात्र त्यात फारच थोडे आहे.

आता चित्रकथेबद्दल. मराठी वाचकाला ती परकी नाही. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या रामायण-महाभारतातले प्रसंग रंगवलेली पाने एकामागून एक पुढे करत, गात, सांगत आले. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. छापील रूपात आपल्या घरात आले ते ‘चांदोबा’, इंद्रजाल कॉमिक्स आणि अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेली ‘अमर चित्रकथा’. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून आहे. ‘अमर चित्रकथे’ने एका पिढीला इतिहास शिकवला हे खरे. पण तिची रीत थोरांची आहे. नायक समोर उभा, छाती पुढे, शत्रू ओळखू येईल असा काळाकुट्ट. शेतकऱ्याच्या गोष्टीत असा शत्रू चौकटीत पकडता येत नाही आणि नायक तर थकून ओट्यावर बसलेला असतो.

दुसरी रीत जपानमधून आली. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा केइजी नाकाझावा सहा वर्षांचा होता. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ त्याच दिवशी गेले. त्याने १९७३ पासून मुलांच्या साप्ताहिकात ‘बेअरफूट गेन’ ही मालिका काढायला घेतली. ती साक्षीदाराची चित्रकथा आहे. नंतरची मोठी शाखा साक्षीदारांच्या मुलांची. आर्ट स्पिगेलमनने आपल्या वडिलांना समोर बसवून नाझी छळछावणीतल्या आठवणी विचारल्या आणि ज्यूंना उंदीर, नाझींना मांजर दाखवत ‘माउस’ रेखाटले. त्याचे खंड १९८६ आणि १९९१ मध्ये आले, १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर मिळाले. चित्रकथेकडे पोरखेळ म्हणून पाहणाऱ्यांची तोंडे तेव्हा बंद झाली. आपल्यासाठी ‘माउस’ महत्त्वाचे ठरते ते बाप आणि मुलगा यांच्यातल्या अवघड बोलण्यामुळे. बाप सांगता सांगता अडतो, विषय बदलतो, औषधाच्या गोळ्या मोजत बसतो, आणि स्पिगेलमन तेही काढतो. ज्या घरात ‘ते’ घडून गेले आहे त्या घरात बोलणे कसे अडते हे आपल्याकडच्या शिक्षकाला वेगळे सांगायला नको.

तिसरी शाखा वार्ताहरांची. जो सॅको वही घेऊन पॅलेस्टाइनमध्ये, बोस्नियात फिरला आणि ऐकलेले रेखाटत गेला. चौथी शाखा सरळ शिकवण्यासाठी निघालेली. १९५७ मध्ये अमेरिकेत माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावर दहा सेंटांचे एक पातळ चित्रपुस्तक निघाले. त्यात मार्टिन ल्यूथर किंग होते, गांधीजीही होते आणि सत्याग्रह कसा करायचा याच्या पायऱ्या होत्या. ते वाचून घडलेल्या तरुणांपैकी एक, जॉन लुईस, पुढे खासदार झाला आणि म्हातारपणी त्याने आपली लढाई ‘मार्च’ या तीन खंडांच्या चित्रकथेतच सांगितली. ११ सप्टेंबर २००१ नंतर तर अमेरिकेत चौकशी आयोगाचा जाडजूड सरकारी अहवालच चित्रांत उतरवला गेला. अहवाल चित्रांत उतरवता येतो ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी अशी आहे. आत्महत्यांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रकरणामुळे टाटा समाजविज्ञान संस्थेने आणि इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने केलेले अभ्यास कपाटात पडून आहेत.

भारतात ओरिजित सेन यांची नर्मदेवरची ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ मध्ये आली. आणीबाणीवर विश्वज्योती घोष यांची ‘दिल्ली काम’, त्यांनीच संपादित केलेला फाळणीवरचा संग्रह, काश्मीरवर मलिक सजाद यांची ‘मुन्नू’ अशा कथा नंतर आल्या. या सगळ्यांत मला शाळेच्या दृष्टीने सर्वांत मोलाची वाटते ती २०११ मधली ‘भीमायन’. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचे लेखन, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची चित्रे. लहान भीमराव भावंडांसह वडिलांकडे गोरेगावला निघतो तेव्हाचा प्रवास त्यात आहे, पाणी न मिळण्याचा. व्याम दांपत्याने चौकोनी चौकटी नाकारल्या. पान त्यांच्या दिग्ना या पारंपरिक नक्षीने वळणे घेत विभागले जाते. प्रेमाने बोललेले शब्द पक्ष्याच्या आकारात बसतात. विखारी शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. वर्गातल्या मुलाला हे एकदा दाखवावे, मग कोणाचे बोलणे लागले आणि कोणाचे लागले नाही हे ते कोणी न सांगता ओळखू लागते. फुग्याला नांगी काढण्याइतकी साधी युक्ती आहे ती, पण बँकेच्या खिडकीवर, अडत्याच्या गादीवर, सासरच्या ओसरीवर बोलल्या गेलेल्या वाक्यांसाठी आपल्याला अशीच युक्ती लागणार आहे.

इथपर्यंत सांगितलेल्या बहुतेक चित्रकथांमध्ये मुख्य घटना अशी की जी डोळ्यांपुढे घडते. बॉम्ब पडतो, छावणी उभी राहते, सीमा आखली जाते. आपला अनर्थ सावकाश घडतो, आणि माझ्या मते इथेच या पुस्तकाचा खरा प्रश्न आहे. सावकाश घडणाऱ्या अनर्थाचा एक मोठा चित्रकार आपल्याच देशात होऊन गेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसाद भट्टाचार्य मिदनापूर जिल्ह्यात पायी फिरले. जे दिसले ते शाईने काढले, बाजूला लिहिले आणि ‘हंग्री बेंगॉल’ नावाची पुस्तिका छापली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. चित्तप्रसादांनी नुसती भुकेली शरीरे काढली नाहीत. कोणत्या गावात धान्य होते, ते कुठे गेले, खानावळीवर कोण हुकूम चालवतो, कोणाची जमीन कोणाकडे गेली, हे त्यांनी नोंदवले. चित्र दया मागत नाही, हिशेब मागते. पुढे ते मुंबईत अंधेरीला राहिले. महाराष्ट्रातल्या शाळांत त्यांचे नाव माहीत असायला हवे होते.

चित्रकथेला हा हिशेब मांडण्याची एक जन्मजात सोय आहे. छायाचित्र एक क्षण दाखवते, चित्रपटात काळ धावून जातो आणि मुलाच्या हाती परत येत नाही. चित्रकथेत मात्र जून आणि नोव्हेंबर एकाच पानावर शेजारी बसतात. मूल पुढे जाते, थबकते, बोट ठेवून मागे येते. दोन चौकटींमध्ये जी रिकामी पट्टी असते तिथे काय घडले हे वाचणारा स्वतः भरतो. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये चित्रकथेवरच लिहिलेल्या चित्रकथेत या पट्टीचे सामर्थ्य उलगडून दाखवले. पण काळ असा जमिनीवर मांडायची कल्पना बुलढाण्याला नवी नाही. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला शेतात घटमांडणी होते. गोलाकार अठरा धान्ये मांडतात. मधोमध खड्ड्यात मातीची चार ढेकळे ठेवतात, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. त्यावर पाण्याने भरलेली घागर, तिच्यावर पापड, कुरडई, भजी, वडा. दुसऱ्या दिवशी पहाटे कोणते ढेकूळ किती भिजले, कोणते धान्य जागचे हलले ते पाहून वर्षाचे भाकीत सांगतात. भाकीत किती खरे ठरते हा विज्ञानाचा प्रश्न आहे, आणि तो वर्गात जरूर विचारावा. पण चार महिने म्हणजे चार ढेकळे, आणि ती शेजारी ठेवली की सारा हंगाम एका नजरेत दिसतो, ही दृष्टी चित्रकथेचीच आहे. ज्या मुलाने भेंडवळची मांडणी पाहिली आहे त्याला चौकटी कशासाठी हे समजवावे लागणार नाही.

या पुस्तकात ही रीत कशी वापरली आहे ते एका पानावरून सांगतो. पान नऊ चौकटींचे आहे. प्रत्येक चौकटीत तेच वावर, तोच धुरा, तेच कडुनिंबाचे झाड, तोच कोन. बदलतो तो फक्त महिना. पहिल्या चौकटीत मृग, धुऱ्यावर बियाण्याच्या आणि खताच्या पिशव्या. दुसरीत कोरडे आभाळ. तिसरीत पुन्हा पिशव्या, कारण दुबार पेरणी. चौथीत हिरवेगार पीक, डवरणीचे बैल. पाचवीत पोळा, झाडाखाली सजलेली जोडी आणि एक मुलगा. सहावीत आठ दिवसांची झड, पाण्यात उभ्या शेंगा. सातवीत सोंगणी, मळणीयंत्राची धूळ. आठव्या चौकटीत वावर रिकामे आणि लांब रस्त्यावर पोती भरलेली गाडी. नववीत वावर तसेच रिकामे, झाडाखाली माणूस बसलेला. चित्रांखाली एक अरुंद पट्टी पानभर धावते. ती घरातली वही आहे. बियाणे उधार, खत उधार, पुन्हा बियाणे, फवारणी, मजुरी, मळणी, हमाली. आठव्या चौकटीखाली बाजार समितीतल्या ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा आहे. बारा टक्क्यांहून जास्त ओलावा म्हणून हमीभावाच्या केंद्रावर माल नाकारला आणि व्यापाऱ्याच्या भावात द्यावा लागला. नवव्या चौकटीखाली फक्त बेरीज आहे.

त्या पानावर कोणी मरत नाही. वर्गातले पहिले काम म्हणजे ती बेरीज मुलांनी स्वतः करून पाहणे. गणिताच्या शिक्षकाने हे पान घेतले तर फार बरे. दुसरे काम म्हणजे प्रत्येक चौकटीतला निर्णय कोणाचा होता ते शोधणे. पाऊस कोणाच्या हातात नव्हता. बियाण्याची किंमत, विम्याचा पंचनामा, आयातीचे धोरण आणि खरेदी केंद्र उघडण्याची तारीख मात्र माणसांच्या हातात होती.

मृत्यू दाखवायचा की नाही, यावर आमचे मत ठाम आहे. तो क्षण, ते साधन आणि ते शरीर या पुस्तकात कुठेही नाही. वर्गात तोच प्रसंग घरी पाहिलेले मूल असू शकते. आत्महत्येचे तपशील रंगवून सांगितल्याने धोक्यात असलेल्या माणसाच्या मनावर वाईट परिणाम होतो हे जगभर मान्य झाले आहे, आणि मदत मागून सावरलेल्या माणसाची गोष्ट सांगितल्याने उलट आधार मिळतो. म्हणून मृत्यू हाच एकमेव मार्ग होता असे सुचवणारे एकही पान ठेवलेले नाही. सावकाराशी बोलणी करून देणारा मामा, सोसायटीत पुनर्गठनाचा अर्ज भरून घेणारी शिक्षिका, ‘मला झोप लागत नाही’ असे दवाखान्यात सांगणारा बाप, ही माणसे चौकटींत आहेत, कारण गावात ती असतात. आमच्या जिल्ह्यासह चौदा जिल्ह्यांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पाचा आणि टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकाचा उल्लेख गोष्टीच्या ओघातच येतो. शिक्षकांना विनंती एवढीच की तास घेण्याआधी आपल्या वर्गात कोणाच्या घरी काय झाले आहे हे शांतपणे माहीत करून घ्यावे, आणि त्या मुलाला बोलण्याची किंवा न बोलण्याची मोकळीक द्यावी. त्याला उदाहरण म्हणून उभे करू नये.

मृत्यूनंतरचे मात्र दाखवलेच पाहिजे, आणि तिथे मी हात आखडता घेतलेला नाही. राज्य सरकारने डिसेंबर २००५ पासून एक लाख रुपयांच्या मदतीचे निकष लावले. जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे, थकबाकीचा तगादा हवा. बसले तर प्रकरण ‘पात्र’, नाही तर ‘अपात्र’. हातउसने घेतलेले, कृषी केंद्राची उधारी, मुलीच्या लग्नाला नातलगांकडून आणलेले, यातले काहीच या कागदात बसत नाही. ठोक्याने शेती करणाऱ्याच्या नावावर जमीन नसते. शेतकरी बाई स्वतः गेली तर सातबाऱ्यावर तिचे नाव बहुधा नसल्याने ती शेतकरीच ठरत नाही. एका पानावर हा अर्ज तसाच छापला आहे, रकान्यांसह, आणि त्यावर एका बाईची बोटे. तिने कोणता रकाना भरावा आणि भरला तर काय होईल हे मुलांनी ठरवायचे आहे. नागरिकशास्त्राच्या धड्यात शासनाच्या योजना वाचणाऱ्या मुलांना शासनाचा कागद माणसाला कसा मोजतो हे इथे समजते.

बायांची बाजू हा या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग राहिला. माणूस गेल्यावर वावर कोण करते, दिराशी वाटणीचे काय होते, वारस फेरफार होईपर्यंत पीककर्ज कोण देते, मुलीची शाळा केव्हा सुटते? महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी विदर्भ-मराठवाड्यात फिरून हे प्रश्न पुढे आणले. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याआधी लक्ष्मीमुक्तीची चळवळ चालवून बाईच्या नावावर जमीन करण्याचा आग्रह धरला होता. चित्रकथेत हे सांगणे सोपे जाते. एका चौकटीत सातबारा काढायचा, शेजारी तेच वावर निंदणारी बाई काढायची आणि मुलांना दोन्हीकडचे नाव वाचायला सांगायचे.

आक्षेप येणार आहेत. मुलांना एवढे जड का दाखवायचे, हा पहिला. मुले ते रोज पाहतात, हे त्याचे उत्तर. शाळा बोलत नाही म्हणून ती एकटीने पाहतात. गंभीर विषयाचा चित्रांनी पोरखेळ होतो, हा दुसरा आक्षेप आणि तो जगभर येऊन गेला. जपानमधल्या मात्सुए शहरात २०१२ मध्ये ‘बेअरफूट गेन’ शाळेच्या वाचनालयातल्या मोकळ्या कपाटातून काढून ठेवले गेले, लोकांच्या निषेधानंतर पुढच्या वर्षी ते परत ठेवावे लागले. २०२३ मध्ये हिरोशिमा शहराच्याच शांती-शिक्षणाच्या साहित्यातून ते वगळले गेले. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका जिल्ह्याने आठवीच्या अभ्यासातून ‘माउस’ काढले. कपाटातून काढावेसे वाटते इतके बळ या पुस्तकांत असते, मग त्यांना पोरखेळ म्हणता येत नाही. तिसरा आक्षेप मी मनापासून मानतो : दुःखाचे चित्र काढणारा दुःखावर आपले नाव मोठे करतो. म्हणून या पुस्तकातले घर कल्पित आहे, कोणत्याही एका कुटुंबाचे नाही, आणि त्याचे गाव नकाशावर सापडणार नाही. हंगाम, भाव, कागद, योजना आणि भाषा मात्र खरी आहेत.

भाषेवरून थोडे. फुग्यांतले बोलणे वऱ्हाडी आहे. ‘वावर’, ‘पऱ्हाटी’, ‘माय’, ‘लेकरू’ हे शब्द शुद्ध करून घेतलेले नाहीत. चौकटीबाहेरचे निवेदन प्रमाण मराठीत आहे. कारण उद्या याच मुलांना अर्ज, तक्रार आणि निवेदन त्या भाषेत लिहायचे आहे, आणि दोन्ही भाषा आपल्याच आहेत हे त्यांना एकाच पानावर दिसावे.

आत्ताच का? कारण आज नववीत असलेले मूल या अनर्थातली तिसरी पिढी आहे. आजोबांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, लाल मिलो आणि सुकडी खाल्ली, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली. बापाने कापसाचे सोयाबीन केले. मुलाला शेती करायची नाही आणि तसे त्याला घरातूनच सांगितले जाते. या तिघांच्या हातात तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकमेकांना जोडून कोणी सांगितलेल्या नाहीत. मुलाच्या हातातल्या मोबाइलवर आत्महत्येची बातमी नाचगाण्यांच्या दोन तुकड्यांमध्ये पंधरा सेकंद येते आणि सरकून जाते. त्याला थांबवणारे, मागे नेणारे काहीतरी कागदावर हवे.

पुस्तक तीन प्रकारे वापरता येईल. इतिहासाच्या शिक्षकाने खामगावच्या रेल्वेपासून सुरुवात करावी, भूगोलाच्या शिक्षकाने पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यापासून, आणि मराठीच्या शिक्षकाने ‘बारोमास’मधला उतारा आधी वाचून घ्यावा. तयार गोष्ट संपल्यावर काही पाने जाणूनबुजून कोरी सोडली आहेत. तिथे मुलांनी आपली काढायची. चित्र चांगले येण्याची गरज नाही. काड्यांची माणसे चालतील, पण महिना, पीक आणि भाव चौकटीत लिहिलेला हवा. सुरुवात कशी करावी अशी अडचण पडली तर आजी-आजोबांना १९७२ बद्दल विचारावे किंवा घरातली गेल्या हंगामाची वही मागून घ्यावी. ज्या घरात वही नसेल तिथे कृषी केंद्राच्या पावत्या असतात, बहुधा देवळीत किंवा पेटीच्या झाकणाला लावलेल्या. त्या तारखेप्रमाणे लावल्या की पहिल्या चार चौकटी तयार होतात.